वर जिना, खाली लिफ्ट : कळसूबाई प्रकल्पाच्या नोंदी

६ ऑक्टोबर २०२४, रविवार

नवरात्रातला रविवार म्हणून मुंब्रादेवीला गेलो. आम्ही चौघं, कळवेकर तिघं आणि ऐरोलीकर एकटी. (कॉलेजपासून आमच्यात ही पद्धत आहे, जो जिथे उतरतो ते त्याचं आडनाव. मी वर्तकनगरचा, पण तिथे स्टेशन नाही, म्हणून मला नुसतं ‘ठाणे’ म्हणतात.) घरी घट बसलेले, त्यामुळे आई आली नाही.

पारसिकच्या डोंगराच्या पोटातून १९१६ पासून गाड्या जातात. बोगदा एक किलोमीटरहून जास्त लांब, पण गाडीला दोन मिनिटं पुरतात. आम्हाला पाठीवरून जायचं होतं. अर्ध्या पायऱ्यांवर माझी फे फे उडाली. मागून नऊवारीतल्या एक आजी ओटीचं ताट घेऊन आल्या, मला ओलांडून गेल्या आणि वरून म्हणाल्या, “बसा थोडं. देवी कुठे जात नाही.”

देवळाच्या कट्ट्यावर कळवेकरने विषय काढला: त्रेचाळिसावं लागलं तरी महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर आपण फक्त भूगोलाच्या पुस्तकात पाहिलंय. मुलांनी लगेच उचलून धरलं. बायका एकमेकींकडे बघून हसल्या, म्हणजे हो.

७ ऑक्टोबर, सोमवार

हिशेब केला. कळसूबाई १६४६ मीटर. पायथ्याच्या बारी गावातून प्रत्यक्ष चढ आठ-नऊशे मीटरचा. आपण नऊशे धरू. धाकट्याने (वय ९) पट्टी घेऊन जिन्याची पायरी मोजली: साडेसोळा सेंटिमीटर. एका मजल्याला अठरा पायऱ्या. म्हणजे मजला तीन मीटरला तीन सेंटिमीटर कमी.

३०० मजले = एक कळसूबाई.

आमची इमारत चौदा मजल्यांची, त्यामुळे साडेएकवीस फेऱ्यांत काम होतं. कळवेकरांची चार मजली, लिफ्ट नसलेली, त्यांना ७५ फेऱ्या. त्याने “हा सरळ सरळ अन्याय आहे” असं लिहून पाठवलं.

नियम: चढलेले मजलेच धरायचे. उतरलेले नाहीत. उतरणं काय, कोणीही उतरतं. नियम माझा. ऐरोलीकरने अंगठा दाखवला, तो होकार होता की काय ते कळलं नाही.

फ्रिजवर आलेखाचा कागद लावला. एक चौकोन = एक इमारत.

९ ऑक्टोबर, बुधवार

पहिली संध्याकाळ. तीन इमारती, ४२ मजले. नवव्यावर बोंबील तळत होते, अकराव्यावर कोणीतरी पेटीवर एकच सरगम घोटत होतं. रोज लिफ्टमधून जाताना यातलं काही कळत नाही.

पद्धत अशी ठरली की चढायचं जिन्याने, उतरायचं लिफ्टने. वेळ वाचतो आणि गुडघेही वाचतात. उतरताना गुडघ्यांची वाट लागते असं सातव्या मजल्यावरचे काका म्हणाले, त्यांच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय, म्हणजे माहीत असणार. धाकटा मात्र लिफ्टमध्ये बसत नाही. आम्ही लिफ्टचं दार लावलं की तो जिन्याने खाली धावत सुटतो आणि तळाला आमच्या आधी पोचून कंबरेवर हात ठेवून उभा असतो. लिफ्ट मध्ये दोनदा थांबते, त्याचा फायदा घेतो.

१६ ऑक्टोबर, बुधवार. कोजागरी.

सगळे आमच्या गच्चीवर. मसाला दूध. ताईने (वय १३) अट घातली की ज्याला दूध हवं त्याने जिन्याने वर यायचं. आई सहाव्या मजल्यावरून लिफ्टने आली. तिला अट लागू नाही असं ताईनेच जाहीर केलं.

चंद्र येऊरच्या डोंगराच्या बाजूने उगवतो की खाडीच्या, यावरून कळवेकर आणि माझ्यात पंधरा मिनिटं वाद. खाडीच्या. मी हरलो. पण त्यातून एक चांगलं निघालं. आईने कालनिर्णय आणवून मार्गशीर्षाचं पान उघडलं: १४ डिसेंबरला शनिवारी दत्तजयंती, १५ ला रविवार, पौर्णिमा. पहाटे चढायला आयतं चांदणं. तारीख ठरली. साठ दिवस हातात.

२० ऑक्टोबर, रविवार

येऊर. उपवनला गाड्या लावून चालत वर. नेहमीचे फिरणारे, सायकलवाले, घामाने भिजलेले धावपटू. हे सगळं संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचंच अंग आहे आणि इथे बिबट्याचा वावर आहे. म्हणून मुलं मधे, मोठे पुढे-मागे आणि उजाडल्याशिवाय निघायचं नाही, हे आमचं ठरलेलं.

यंदा कारवीचं वर्ष. आठ वर्षांनी एकदा फुलते, २०१६ नंतर आता. आम्हाला उशीरच झाला. जांभळा बहर जवळजवळ सरला होता, कडेला काही तुरे तेवढे शिल्लक. फुलून झालं की झाड वाळतं, बी मात्र बोंडात धरून ठेवतं. पुढचा फुलोरा २०३२. ताईने हिशेब केला, तेव्हा ती एकवीस. “आणि बाबा, तुम्ही एक्कावन्न.” हा हिशेब कोणी मागितला नव्हता.

पाटोणपाड्यापर्यंत जाऊन परत. रस्त्याचा चढ मजल्यांत धरायचा की नाही यावर मतदान, चार विरुद्ध चार. नाही धरला.

२७ ऑक्टोबर, रविवार

कळवेकर वहिनींनी हातावर पावलं मोजणारं घड्याळ बांधलंय आणि त्यांचं म्हणणं असं की मजले कशाला, सरळ दहा हजार पावलं धरा, सगळं जग धरतं. ऐरोलीकर फिजिओथेरपिस्ट आहे. एरवी ती असल्या चर्चेत पडत नाही, पण आज पडली. हा दहा हजारांचा आकडा कुठल्या डॉक्टरने काढलेला नाही. १९६४ च्या टोकियो ऑलिम्पिकनंतर १९६५ साली जपानमध्ये पावलं मोजणारं एक यंत्र विकायला आलं, त्याचं नावच ‘मानपो-केई’, म्हणजे दहा हजार पावलांचा मापक. नाव जिभेवर बसलं आणि आकडा जगभर गेला. चालणं चांगलंच, पण दहा हजारात जादू काही नाही.

मी म्हटलं, बघा, म्हणून मजलेच बरे. ती म्हणाली, “तुझे मजले तरी कुठल्या डॉक्टरने काढलेत?”

तिसऱ्या आठवड्याअखेर माझे ३३६, कळवेकर १९६. कागदावर माझी रेघ त्याच्या डोक्यावरून जाते. फोटो पाठवला.

३ नोव्हेंबर, रविवार. भाऊबीज.

दिवाळीत प्रकल्पाचे हाल. प्रत्येक मजल्यावर दारात रांगोळी, ती वाचवत चढायचं. आणि मुलं चढताना दिसली की प्रत्येक दार उघडतं. सहाव्यापासून चौदाव्यापर्यंत जाताना धाकट्याने तीन प्रकारचा चिवडा, दोन चकल्या, एक अनारसा आणि एक करंजी खाल्ली. गणितात जमा जास्त, खर्च कमी.

१० नोव्हेंबर, रविवार

ऐरोलीकर घरी आली होती. तिला कागद दाखवला, ६७२ मजले. तिने फ्रिजसमोर उभं राहून बराच वेळ पाहिला आणि विचारलं, “खाली कसा येतोस?”

“लिफ्टने.”

“रोज?”

“रोज.”

तिने तोंड वाकडं केलं. म्हणाली, चढताना दम लागतो, तो सगळ्यांना दिसतो. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच भार धरून असतो, ब्रेक दाबून गाडी घाटातून उतरवावी तसा. ते काम वेगळं. त्याची सवय चढून होत नाही, उतरूनच होते. “आठवड्यातून दोनदा तरी जिन्याने उतर.”

विचार करतो म्हटलं. काकांचे गुडघे डोळ्यांसमोर होते. शिवाय कागदावर उतरण्याचा रकाना नाही.

१३ नोव्हेंबर, बुधवार

सोसायटीची सूचना लागली: “जिन्यात विनाकारण ये-जा करू नये.” चपलांची कपाटं, सायकली, तुळशीच्या कुंड्या, जुनं कपडे धुण्याचं यंत्र, हे सगळं जिन्यात सकारण आहे. तरी पोरांना म्हटलं, आवाज कमी.

२० नोव्हेंबर, बुधवार. मतदान.

सकाळी सातला रांगेत, साडेआठला बोटाला शाई लावून येऊरच्या वाटेवर. सगळ्यांच्या डाव्या तर्जनीवर एकच खूण, फोटो छान आला. सुट्टी असल्याने दोनदा वर-खाली केलं. उतरताना मुद्दाम लक्ष ठेवलं, काही झालं नाही. डांबरी रस्ता, मंद उतार, गप्पा मारत आलो. ऐरोलीकर उगाच घाबरवते अशी नोंद करून ठेवतो.

मामलेदारची मिसळ. दुसरी तर्री घेतली नाही, हे बायकोने कागदावर लिहायला लावलं.

१ डिसेंबर, रविवार

ऐरोलीच्या खाडीवर सपाट चालणं. तिवरं, चिखल, बगळे. ठाणे खाडीला २०२२ मध्ये रामसर दर्जा (म्हणजे जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा) मिळाला हे ताईला शाळेतल्या प्रकल्पामुळे माहीत होतं, ती आम्हाला सांगत होती. रोहित पक्षी (फ्लेमिंगो) दुर्बिणीतून गुलाबी ठिपक्यांएवढे. मजले शून्य.

८ डिसेंबर, रविवार

शेवटची बेरीज. मी: १०१ इमारती, १,४१४ मजले. पावणेपाच कळसूबाया होतात. बायको १,०३६. ताई ८४०. धाकटा ७९८, पण दोन-तीन फेऱ्यांबद्दल संशय. कळवेकर: १९३ फेऱ्या, ७७२. त्याला फोन करून विचारलं, जमेल ना रे तुला? तो म्हणाला, बघू.

यादी: प्रत्येकी अडीच लिटर पाणी, दशम्या आणि लसणाची चटणी, तिळाची चिक्की, खजूर, मिठा-साखरेची पुडी, डोक्याला बांधायचे टॉर्च, कानटोप्या. ऐरोलीकरचा खास निरोप: पायाची नखं कापा आणि उतरायच्या आधी बुटांच्या नाड्या पुन्हा आवळा, नाहीतर बोटं पुढे आपटतात. ताईने नखांना रंग लावलाय, कापणार नाही म्हणाली.

आईने देवीसाठी खण-नारळ बांधून दिला. तिला वर जायचं होतं, हे तिने पहिल्यांदाच सांगितलं, आणि लगेच “पण तुम्ही जा” असंही म्हणाली. थोडा वेळ कोणी काही बोललं नाही.

१५ डिसेंबर, रविवार

(हे सोमवारी लिहितोय. रविवारी लिहिण्याच्या स्थितीत नव्हतो.)

रात्री दीडला निघालो. शहापूर, कसारा घाट, इगतपुरी, घोटीला उजवीकडे. बारीत साडेचारला. गाडीचं दार उघडलं आणि थंडीने कान पकडले. चंद्र पश्चिमेला, इतका लख्ख की शेतातून जाताना टॉर्च बंद केले. पुढेमागे शंभरेक माणसांची रांग असावी, पण चांदण्यात सगळे हळू बोलत होते. धाकटासुद्धा.

पायथ्याच्या देवळापाशी क्षणभर थांबलो. कळसूची गोष्ट कळवेकर वहिनींनी मुलांना सांगितली. ही मुलगी पाटलाकडे कामाला राहिली ती अट घालून, भांडी घासणार नाही आणि केर काढणार नाही. एक दिवस पाहुणे आले आणि तिला तीच कामं सांगितली. तिने केली, आणि डोंगरावर निघून गेली. जिथे भांडी घासली तो थाळेमेळ, जिथे केर काढला तो काळदरा. आमची ही म्हणाली, “ठरल्याबाहेरचं काम सांगितल्यावर नोकरी सोडली आणि शिखर गाठलं. आमच्या ऑफिसात हिचा फोटो लावायला पाहिजे.”

चढ अपेक्षेपेक्षा सोपा गेला. खरंच. दोन महिन्यांचा जिना मांड्यांत होता, श्वास लयीत चालला होता. पहिल्या लोखंडी शिडीला रांग लागली होती, तिथेच काय ते थांबावं लागलं. पूर्वी शिड्या नव्हत्या तेव्हा लोक साखळ्यांना धरून चढत. शिड्यांच्या मधल्या टप्प्यावर उजाडलं. वरच्या टपरीवाल्या बाई डोक्यावर सामानाची पाटी घेऊन आमच्या बाजूने गेल्या. एका हाताने कठडा, पायात साध्या चपला.

सव्वाआठला मी माथ्यावर. बायको आणि मुलं पाच मिनिटांनी. कळवेकर मंडळी आणि त्यांच्याबरोबर ऐरोलीकर बरोब्बर पंचवीस मिनिटांनी. घड्याळ बघून ठेवलं होतं, हे कबूल करतो.

वर वारा असा की बोलणं उडून जात होतं. छोटंसं शेंदरी देऊळ, आत एका वेळी मोजकीच माणसं. हिने आईचा खण-नारळ देवीसमोर ठेवला, ओटी भरली आणि आईला फोन लावला. रेंज एक काडी. “भरली ओटी,” एवढंच पोचलं असावं. खाली भंडारदऱ्याचं पाणी चकाकत होतं, पश्चिमेला अलंग, मदन, कुलंग ओळीने. कळवेकरने एकेकाचं नाव मुलांकडून पाठ करून घेतलं. दशम्या संपल्या. साडेनऊला उतरायला लागलो.

दुसऱ्या शिडीवर उजवी मांडी थरथरली. वाटलं थंडीने असेल. शिडी संपली, दगडी पायऱ्या आल्या, आणि आता दोन्ही. पाय खाली टाकला की गुडघा आपला आपणच वाकायचा, जणू कोणी मागून टपली मारतंय. दम अजिबात लागलेला नाही, छाती शांत, आणि तरी पाय ऐकत नाहीत. असलं काही मला कधी झालेलं नव्हतं. कठडा असेल तिथे कठडा धरून, नसेल तिथे बसून, असा मी आलो. बायकोचं तेच, फक्त ती बोलत नव्हती. ताईचा अंगठा बुटाला आपटून आपटून दुखायला लागला. नखाचा रंग लाल होता तो आतून काळा व्हायला लागला.

आणि कळवेकर? त्याची मुलगी तर उड्या मारत गेली. वहिनी थांबून थांबून मागे बघत होत्या, शेवटी परत वर आल्या आणि काही न बोलता माझी पिशवी घेतली. कळवेकर माझ्यापुढे दोन पायऱ्या, उलटा वळून, हात पुढे करून उभा. “ये. घाई नाही.” एकदाही काही बोलला नाही. मी असतो तर बोललो असतो.

सकाळच्याच टपरीवाल्या बाई रिकामी पाटी घेऊन खाली येताना भेटल्या. “सावकाश या, दादा.” दोन मिनिटांत दिसेनाशा झाल्या.

धाकट्याला काहीही झालं नाही.

सव्वाएकला बारी. चढायला साडेतीन तास, उतरायला पावणेचार. परतीला गाडी कळवेकरने चालवली, क्लच दाबायची माझी सोय नव्हती.

१७ डिसेंबर, मंगळवार

काल दुखत होतं, आज त्याहून जास्त. ऐरोलीकरने सांगितलंच होतं, अशा कामाची कळ दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिगेला जाते. ठाण्याला पुलावरून फलाटावर उतरताना कठड्याला धरून आडवा, खेकड्यासारखा. मागून आवाज आला, “काका, बाजूला व्हा ना.” मी काका!

संध्याकाळी तिला फोन केला. रागावली नाही. गणित समजावलं: कळवेकरच्या इमारतीला लिफ्ट नाही. चार मजले चढला की चार उतरायलाच लागतात. म्हणजे नऊ आठवड्यांत ७७२ वर आणि ७७२ खाली. स्नायूला एकदा ती सवय झाली की पुढच्या वेळी तेवढी इजा होत नाही, आणि ती सवय काही आठवडे टिकते. “तुझे खाली किती?”

येऊरचा उतार सोडला तर शून्य.

“आणि धाकटा?”

तो रोज लिफ्टशी शर्यत लावत होता.

२२ डिसेंबर, रविवार

नवा कागद. दोन रकाने: वर, खाली. जुन्या कागदावरचे आकडे उतरवून घ्यायचं काम धाकट्याकडे. कळवेकर मंडळी जेवायला आली होती, त्यांचं ‘खाली’ त्याने आदराने मोठ्या अक्षरात लिहिलं. स्वतःचं ‘खाली’ ७९८ लिहिलं, त्यावर मी काही बोललो नाही. माझ्या नावापुढे शून्य काढलं आणि ते दोनदा गिरवलं.

मग पेन्सिल चावत म्हणाला, “आजीचं राहिलं.”

आजीने कुठे जिना चढलाय?

“चढत नाही. उतरते.”

खरंच की. आई रोज सकाळी फुलं आणायला सहाव्यावरून जिन्याने उतरते आणि लिफ्टने वर येते. कितीतरी वर्षं. लिफ्टमध्ये खाली जाताना पोटात खड्डा पडतो म्हणते. हे घरात सगळ्यांना माहीत, पण कोणाच्या हिशेबात नाही. धाकट्याने दिवस मोजले: ६ ऑक्टोबर ते १४ डिसेंबर, सत्तर. सहा गुणिले सत्तर.

आई स्वयंपाकघरातून म्हणाली, “दोन दिवस मला बरं नव्हतं, ते काढ.”

४०८. आमच्या घरात धाकट्याच्या खालोखाल.

आता तिला घेऊन मुंब्रादेवीला जायचं ठरतंय. चढताना सावकाश, लागतील तेवढे टेकू घेत. उतरताना माझा हात ती धरणार की तिचा मी, यावर जेवताना बरीच चर्चा झाली.